घाईत ठरलेला युनिटचा दर : ब्रिटनमधील २०२२च्या वीज-गॅस दरहमीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट २०२२ रोजी ऑफजेम या ग्रेट ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने घरगुती वीज आणि गॅसची नवी कमाल दरमर्यादा जाहीर केली. १ ऑक्टोबरपासून ती लागू होणार होती आणि तिच्यानुसार सर्वसाधारण वापर असलेल्या कुटुंबाचे वार्षिक बिल १,९७१ पौंडांवरून ३,५४९ पौंडांवर जाणार होते. वाढ ८० टक्क्यांची होती. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०२१मध्ये, हाच आकडा १,२७७ पौंड होता. घोषणा झाली तेव्हा सत्ताधारी पक्षात नेतृत्वाची निवडणूक सुरू होती, मावळत्या पंतप्रधानांनी मोठे आर्थिक निर्णय पुढच्या सरकारसाठी ठेवले होते आणि नवे दर लागू व्हायला जेमतेम पाच आठवडे उरले होते.

या अभ्यासात त्या काळातील पंतप्रधान, अर्थमंत्री, अधिकारी किंवा कंपन्या यांची नावे घेतलेली नाहीत. कोण चुकले यापेक्षा निर्णय कोणत्या माहितीवर, कोणत्या दबावाखाली आणि कोणत्या क्रमाने झाले हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. शिवाय त्या काही महिन्यांत माणसे इतक्या झपाट्याने बदलली की नावांच्या मागे लागल्यास मूळ विषयच हातून निसटतो.

दरमर्यादा म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. २०१८च्या कायद्याने आलेली आणि १ जानेवारी २०१९पासून लागू झालेली ही मर्यादा बिलाच्या एकूण रकमेवर नसते. ती दर युनिटच्या (वीज असो वा गॅस, एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) किमतीवर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते. १,९७१ किंवा ३,५४९ पौंड हे आकडे वर्षाला २,९०० युनिट वीज आणि १२,००० युनिट गॅस वापरणारे कुटुंब गृहीत धरून काढलेले होते. ज्याचा वापर जास्त, त्याचे बिलही जास्त. शिवाय ही मर्यादा घाऊक बाजारातील भाव पाहूनच ठरवली जाते. कंपन्यांनी ग्राहकांकडून अवाजवी नफा उकळू नये यासाठी ती योजलेली होती. जागतिक भाववाढीपासून संरक्षण देणे हे तिचे काम कधीच नव्हते.

ही भाववाढ युक्रेन युद्धाच्या आधीच सुरू झाली होती. २०२१च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव चढू लागले तेव्हा दरमर्यादेमुळे ग्राहकांकडून वाढीव खर्च वसूल करता येईना आणि पुढची खरेदी आधी करून ठेवलेली नाही, अशा जवळपास तीस पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांपैकी एकीचे ग्राहक पंधरा लाखांहून अधिक असल्याने नोव्हेंबर २०२१मध्ये ती सरकारी पैशाने चालवावी लागली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रशियाकडून ब्रिटन फारच थोडा गॅस घेत असे, पण गॅसचा भाव साऱ्या युरोपच्या बाजारात ठरतो, त्यामुळे त्याचा चटका शेजाऱ्यांइतकाच बसला. ऑगस्टच्या अखेरीस नेदरलँड्समधील व्यवहारांत हा भाव दर मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता.

मूळ अडचण

वरवर पाहता अडचण एकच होती : लोकांना बिल परवडणार नव्हते. तिच्या तळाशी मात्र पूर्वीच्या दहा वर्षांतले अनेक निर्णय साचलेले होते आणि ते समजून घेतल्याशिवाय सप्टेंबरमधल्या निर्णयाचे मोल करता येत नाही.

ब्रिटनमधील सुमारे ८५ टक्के घरे गॅसच्या बॉयलरने तापवली जातात. वीजबाजारात मागणी पुरी करणाऱ्या सर्वांत महाग केंद्राचा भाव सर्वांना मिळतो आणि बहुतांश वेळी ते केंद्र गॅसवर चालणारे असते. म्हणून पवनऊर्जेचा वाटा वाढूनही विजेचा भाव गॅसलाच बांधलेला राहिला. समुद्राखालचे रफ नावाचे गॅस साठवणकेंद्र, ज्यात देशाच्या साठवणक्षमतेचा सुमारे ७० टक्के भाग होता, ते २०१७मध्ये बंद होऊ दिले गेले. इंग्लंडमध्ये जमिनीवरील पवनचक्क्यांच्या परवानग्या २०१५पासून जवळपास थांबल्या.

या सर्वांहून मला जास्त वजनदार वाटते ती घरांची अवस्था. २०१३मध्ये ऊर्जाबचतीच्या योजना बदलल्या आणि पाठोपाठ बिलांवरचा भार कमी करण्याच्या नावाखाली आकुंचित केल्या गेल्या. छतांना आणि पोकळ भिंतींना उष्णतारोधक थर बसवण्याचे काम २०१२च्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी घटले. २०२०मध्ये सहा लाख घरांसाठी अनुदानाची एक नवी योजना आली, ती सहा महिन्यांत गुंडाळली गेली आणि तिचा लाभ पन्नास हजार घरांपर्यंतही पोहोचला नाही. हवामानबदल कायदा २००८चा; २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे बंधन त्यात २०१९मध्ये आले. म्हणजे उद्दिष्ट कायद्यात होते आणि गळकी घरे जागच्या जागी होती. प्रत्येक हिवाळ्यात त्या घरांतून बाहेर जाणारी उष्णता २०२२मध्ये एकदम राष्ट्रीय खर्चाची बाब झाली.

याआधीचे दोन प्रयत्न

फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने प्रत्येक वीजग्राहकाला २०० पौंडांची सवलत जाहीर केली, पण ती पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी ४० पौंडांप्रमाणे परत घेतली जाणार होती. भाव लवकर उतरतील या गृहीतकावर ती उभी होती. मे महिन्यात ते गृहीतक सोडून द्यावे लागले. परतफेडीची अट काढून सवलत ४०० पौंडांची केली गेली, उत्पन्नावर आधारित भत्ते घेणाऱ्या ८० लाखांहून अधिक कुटुंबांना ६५० पौंड, निवृत्त कुटुंबांना ३०० आणि अपंग भत्ता घेणाऱ्यांना १५० पौंड देण्याचे ठरले. उत्तर समुद्रातील तेल-गॅस उत्पादकांच्या अनपेक्षित नफ्यावर २५ टक्के कर बसवण्यात आला.

मे महिन्याचे हे पॅकेज बरेच विचारपूर्वक बांधलेले होते असे माझे मत आहे. युनिटचा दर त्याने तसाच ठेवला आणि पैसे थेट कुटुंबाच्या हाती दिले, त्यामुळे बचत करण्याचे कारण शिल्लक राहिले. गरजूंना अधिक मिळाले. त्याचा दोष एकच, तो म्हणजे त्या वेळच्या अंदाजावर बेतलेल्या रकमा ऑगस्टपर्यंत अपुऱ्या ठरल्या.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या आरंभी नव्या सरकारपुढे ढोबळमानाने चार मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे मे महिन्याच्या धर्तीवर थेट मदत वाढवणे. त्यात एक खरी अडचण होती आणि तिच्याकडे टीकाकार अनेकदा दुर्लक्ष करतात. ऊर्जेची गरज उत्पन्नावरून नीट ओळखता येत नाही. जुन्या, गळक्या घरात राहणारे मोठे कुटुंब आणि नव्या लहान सदनिकेत राहणारी एकटी व्यक्ती दोघेही एकच भत्ता घेत असतील, तरी त्यांच्या बिलांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. शिवाय भत्त्याच्या पात्रतेहून किंचित जास्त कमावणाऱ्याला ६५० पौंडांतला एकही पौंड मिळत नाही. सर्वांना एकच रक्कम दिली असती तर कुणाला गरजेपेक्षा जास्त आणि कुणाला फारच कमी मिळाले असते.

दुसरा मार्ग पुरवठादार कंपन्यांनी सुचवला होता : बँकांकडून मोठे कर्ज घ्यायचे, दर गोठवायचे आणि कर्जाची फेड पुढची दहा-पंधरा वर्षे बिलांतून करायची. यात तात्पुरता दिलासा होता, पण ओझे शेवटी बिलावरच राहणार होते आणि बिलातून होणारी वसुली करापेक्षा गरिबांना अधिक जड जाते.

तिसरा मार्ग म्हणजे युनिटचा दरच सरकारने ठरवायचा आणि घाऊक भावाशी असलेला फरक तिजोरीतून भरायचा. तो राबवायला सोपा होता, कारण कंपन्यांच्या बिलिंग यंत्रणेत दर बदलणे एवढेच काम होते. त्याचा महागाई निर्देशांकावरही थेट परिणाम होणार होता. ब्रिटनच्या सरकारी रोख्यांपैकी मोठा भाग महागाईशी जोडलेला आहे, त्यामुळे निर्देशांक खाली राहिला तर सरकारचा व्याजाचा बोजाही कमी होणार होता.

चौथा मार्ग टप्प्यांच्या दराचा : ठरावीक वापरापर्यंत स्वस्त दर आणि त्यापुढे बाजारभाव. युरोपात पुढे काही देशांनी याच्याच आवृत्त्या स्वीकारल्या. जर्मनीने ग्राहकाच्या अपेक्षित वार्षिक वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत गॅस १२ सेंट आणि वीज ४० सेंट दराने देऊ केली. उरलेल्या २० टक्क्यांवर पूर्ण भाव, म्हणजे बचत केली तर तिचा पूर्ण फायदा. नेदरलँड्सने १,२०० घनमीटर गॅस आणि २,९०० युनिट विजेपर्यंत कमाल दर ठेवला. जर्मनीला मात्र याची रचना करायला वेळ लागला. तज्ज्ञांच्या आयोगाने ऑक्टोबरमध्ये शिफारसी दिल्या, डिसेंबरचा हप्ता सरकारने सरसकट भरला आणि प्रत्यक्ष सवलत मार्च २०२३मध्ये सुरू होऊन जानेवारीपासून मागे लागू झाली.

निर्णय आणि अंमलबजावणी

८ सप्टेंबर २०२२ रोजी तिसरा मार्ग निवडला गेला. सर्वसाधारण कुटुंबाचे वार्षिक बिल २,५०० पौंडांवर राहील अशी दरहमी १ ऑक्टोबरपासून, तीही दोन वर्षांसाठी, देण्यात आली. विजेला सरासरी ३४ पेन्स आणि गॅसला १०.३ पेन्स प्रतियुनिट असा दर ठरला. ४०० पौंडांची सवलत वेगळी चालू राहिली. व्यवसाय, शाळा, रुग्णालये यांच्यासाठी सहा महिन्यांची स्वतंत्र योजना आली. दोन्ही मिळून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च ६० अब्ज पौंड होईल असा अंदाज सरकारनेच २३ सप्टेंबरला मांडला.

त्याच आठवड्यात भूगर्भातील खडक फोडून गॅस काढण्यावरची २०१९पासूनची बंदी उठवली गेली आणि ऑक्टोबर संपण्याआधी ती पुन्हा लागू झाली. त्या गॅसने त्या हिवाळ्यात एकही घर तापले नसते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

इथला पहिला निर्णयबिंदू मुदतीचा आहे. दोन वर्षे, कोणत्याही भावाला, कमाल खर्चाची अट न ठेवता हमी देणे म्हणजे जागतिक गॅसबाजाराचा सारा धोका तिजोरीने अंगावर घेणे. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या मोठ्या करकपातीबरोबर हा उघडा धनादेश आल्याने रोखेबाजार हादरला. त्यात करकपातीचा वाटा मोठा होता, पण हमीच्या खर्चाला वरची सीमा नसणे हेही कारणांत होते. १७ ऑक्टोबरला नव्या अर्थमंत्र्यांनी मुदत एप्रिल २०२३पर्यंत आणली. नोव्हेंबरमध्ये एप्रिलनंतरची हमी ३,००० पौंडांची ठरली, उत्पादकांवरचा कर ३५ टक्के झाला आणि वीजनिर्मात्यांच्या वाढीव उत्पन्नावर ४५ टक्के आकारणी आली. मार्चमध्ये पुन्हा बदल होऊन २,५०० पौंडांचीच हमी जूनअखेरपर्यंत ठेवली गेली. ज्या कुटुंबाला हिवाळ्याचा हिशेब मांडायचा होता, त्याला काही महिन्यांत चार वेगवेगळी उत्तरे मिळाली.

दुसरा निर्णयबिंदू लहान दिसतो, पण मला तो बोलका वाटतो. ऊर्जा कशी वाचवावी हे लोकांना सांगणारी मोहीम तयार होती. लोकांनी घरात काय करावे हे सरकारने सांगू नये, या भूमिकेतून ती ऑक्टोबरमध्ये अडवली गेली आणि अखेर डिसेंबरमध्ये, हिवाळा सुरू झाल्यावर, सुरू झाली. बॉयलरच्या पाण्याचे तापमान थोडे कमी ठेवल्यास गॅस वाचतो, ही साधी माहिती त्यात होती. प्रत्येक वाचलेल्या युनिटवर तिजोरीचाही पैसा वाचत असताना ती रोखून धरणे मला समर्थनीय वाटत नाही.

पुरवठ्याच्या बाजूने काम जास्त शिस्तीत झाले. कोळशाचे पाच संच राखीव ठेवले गेले, रफ साठवणकेंद्र ऑक्टोबरमध्ये अंशतः पुन्हा उघडले आणि ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर होते त्यांना ठरावीक तासांत वापर कमी करण्याबद्दल मोबदला देणारी योजना नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. या योजनेत सुमारे १६ लाख कुटुंबे आणि व्यवसाय सामील झाले. लोक बचतीला तयार नसतात, हे गृहीतक किती कच्चे होते ते यावरून दिसते.

परिणाम

दरहमीने तिचे तातडीचे काम केले. जानेवारी २०२३ची दरमर्यादा ४,२७९ पौंड निघाली. हमी नसती तर कडाक्याच्या थंडीत कुटुंबांवर तेच बिल आले असते. ऑक्टोबरमध्ये महागाई ११.१ टक्क्यांवर पोहोचली होती आणि हमीशिवाय ती सुमारे १३.८ टक्के झाली असती, असे देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने सांगितले. युरोपातला हिवाळा सौम्य गेला, द्रवरूप गॅसची जहाजे येत राहिली, घाऊक भाव उतरले आणि प्रत्यक्ष खर्च पहिल्या अंदाजापेक्षा बराच कमी झाला. जुलै २०२३मध्ये दरमर्यादा २,०७४ पौंडांवर आली तेव्हा हमीची गरजच उरली नाही. तरीही ही रक्कम संकटाआधीच्या बिलापेक्षा कितीतरी मोठी होती.

सर्वांत दुबळे ग्राहक मात्र कडेला राहिले. जुन्या पद्धतीचे प्रीपेड मीटर असलेल्यांना ४०० पौंडांची सवलत टपालाने येणाऱ्या व्हाउचरने मिळणार होती. पत्ता बदललेला, पत्र हरवलेले, जवळचे केंद्र व्हाउचर न घेणारे, अशा कारणांनी लाखो व्हाउचर मुदत संपेपर्यंत वटलीच नाहीत. थकबाकीदारांच्या घरी न्यायालयाचा हुकूम घेऊन जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवले जात होते. त्यात आजारी आणि लहान मुले असलेली घरे असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३मध्ये नियामकाला हे काम थांबवायला सांगावे लागले. प्रीपेड मीटरवर पैसे संपले की उष्णताही संपते, म्हणून सरासरी बिलाच्या कोणत्याही आकड्यात ही घरे दिसत नाहीत.

काय वेगळे करता आले असते

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीसारखी रचना करणे शक्य नव्हते, हे मान्य करायला हवे. तीन आठवड्यांत तिसरा मार्गच राबवता येत होता. पण ही हमी सहा महिन्यांची ठेवून त्या काळात टप्प्यांच्या दराची तयारी करता आली असती. ऑक्टोबरमध्ये मुदत कमी झाली ती बाजाराच्या दबावाखाली. तयारीचा काळ म्हणून ती वापरलीच गेली नाही.

यापेक्षाही मोठी संधी युनिटच्या दरांत होती आणि तिची चर्चा फारच थोडी झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा हवामान आणि सामाजिक धोरणांचे बहुतेक अधिभार गॅसऐवजी विजेच्या बिलावर बसवलेले होते, त्यामुळे वीज गॅसच्या तुलनेत कृत्रिमरीत्या महाग राहत असे. हमी देताना सरकारने हे अधिभार काही काळ तिजोरीवर घेतले, तरीही वीज ३४ आणि गॅस १०.३ पेन्स, म्हणजे तिपटीहून अधिक अंतर, कायम राहिले. ९० टक्के कार्यक्षम बॉयलरने एक युनिट उष्णता सुमारे ११.४ पेन्सला पडते. बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या आणि एका युनिट विजेतून तीन युनिट उष्णता देणाऱ्या हीट पंपाने ती ११.३ पेन्सला. महागडा हीट पंप बसवून वर्षाला काहीच वाचत नसेल तर तो कोण बसवेल? वीज ३० पेन्स आणि गॅस ११.३ पेन्स केला असता तर सर्वसाधारण कुटुंबाचे बिल जवळपास तेवढेच राहिले असते आणि हीट पंपाची उष्णता १० पेन्सला, बॉयलरची साडेबारा पेन्सला पडली असती. तिजोरीला यासाठी वेगळा खर्च फारसा आला नसता. विजेवर घर तापवणाऱ्यांना, ज्यांत लहान भाड्याच्या सदनिकांतले अनेक जण आहेत, दिलासा मिळाला असता. गॅसवर तापणाऱ्या मोठ्या, गळक्या घरांचे बिल मात्र वाढले असते आणि त्यांतल्या गरीब कुटुंबांना वेगळी मदत द्यावी लागली असती. हा तोल सोपा नव्हता, पण दर सरकारच्या हाताने ठरत असतानाच तो साधता येणे शक्य होते.

भाव, पुरवठा आणि हवामान ही तीन कामे तीन वेगळ्या टेबलांवर राहिल्याचे पुढेही दिसले. नव्या वीजप्रकल्पांना ठरावीक भावाची हमी देणाऱ्या सरकारी लिलावात सप्टेंबर २०२३मध्ये समुद्रातील पवनऊर्जेसाठी दर मेगावॅट-तासाला ४४ पौंड (२०१२च्या किमतींनुसार) अशी कमाल किंमत ठेवली गेली. साहित्य आणि व्याज महागल्यामुळे त्या किमतीला एकही बोली आली नाही. पुढच्या लिलावासाठी ती ७३ पौंड करावी लागली. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी नेमलेला कार्यगट त्याच महिन्यात बरखास्त झाला. वापर २०३०पर्यंत १५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

नोव्हेंबर २०२२मध्ये सरकारने एप्रिल २०२४पासून गरजू ग्राहकांच्या संरक्षणाची नवी पद्धत, कदाचित सामाजिक दर (गरजू ग्राहकांसाठी सवलतीचा दर), आणण्याचे आश्वासन दिले होते. त्यासाठीचा सल्लामसलतीचा मसुदाही निघाला नाही. अडचण नेहमीची सांगितली जाते : कुणाला किती गरज आहे हे कळत नाही. पण हे ओळखण्याची सुरुवात याच संकटाच्या काळात झाली होती. २०२२मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील हिवाळी सवलतीच्या योजनेत भत्त्यांच्या नोंदी आणि घरांच्या मोजमापाच्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या, म्हणजे तापवायला महाग पडणाऱ्या घरातले कमी उत्पन्नाचे कुटुंब अर्ज न करताही सापडू लागले. या दोन नोंदींना तिसरी नोंद, पुरवठादारांकडे असलेल्या प्रत्यक्ष वापराची, जोडायची होती. त्यासाठी कायदेशीर अधिकार, गोपनीयतेचे नियम आणि कंपन्यांवर बंधन एवढे हवे होते, आणि २०२३च्या उन्हाळ्यात, भाव उतरत असताना, त्या कामाला पुरेसा अवधी होता.